हातगुण

सिंकखालचा पाइप गळत होता, म्हणून ती आईकडे गेली होती.

जगात कुठेच नसलेलं प्रोटीन कागदावर रचून दाखवणारी बाई, पण पाइपाचा वॉशर बदलायचा म्हटलं की मुलीला फोन. चाळीस वर्षं पिपेट धरलेल्या आईच्या हातांना पान्याचं वावडं होतं. तेव्हा त्या गुरुवारी संध्याकाळी मुलगी सिंकखाली उताणी पडून नट फिरवत होती आणि आई टॉर्च धरून उभी होती. टॉर्चचा उजेड भिंतीवर पडत होता, छतावर पडत होता, मुलीच्या डोळ्यांत पडत होता. नटावर तेवढा पडत नव्हता.

"आई, इकडे दाखव."

"दाखवतेच आहे की."

"हा माझा गुडघा आहे."

"मग गुडघा आवर ना. मधे मधे काय येतोय?"

मुलगी हसली. अडतीस वर्षांची होती, शहरातल्या मोठ्या वाचनालयात पुस्तकांच्या सूचीचं काम बघत होती, हाताखाली सहा माणसं होती. पण आई अशी वरून बोलायला लागली की तिचं वय झरझर खाली यायचं.

"शेंडेफळाने प्रोटीन शुद्ध केलं," आई म्हणाली. "दोन नळ्या भरल्यात. शेवटच्या."

शेंडेफळ म्हणजे आईची शेवटची विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर नवी मुलं मिळत नाहीत. विभागाने दया म्हणून ही एक पदरात टाकली होती, आणि आईने पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकून टाकलं होतं.

"सोमवारी ट्रे लावायचाय," आई पुढे म्हणाली. "तू येशील?"

"मी कशाला?"

"लावायला. तुझ्या हाताला गुण आहे."

हे दरवर्षीचं होतं. अंगठीतल्या खड्यावर विश्वास ठेवणाऱ्या सहकाऱ्याची आयुष्यभर टर उडवलेली ही बाई, एका बाबतीत मात्र पक्की अंधश्रद्धाळू होती: मुलीचा हातगुण. आणि दरवर्षी मुलीचं उत्तर ठरलेलं असायचं, वाचनालयात काम आहे, सुट्टी नाही, पाठ धरलीये. आई "बरं" म्हणायची. त्या "बरं"मध्ये काय असायचं ते मुलीला कळत असे. आईला वाटायचं, पोरीला माझ्या कामाचा तिटकारा आहे.

आईचं काम तसं दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं होतं, आणि ती ते कोणालाही सांगायची, मग समोर दातांचा डॉक्टर का असेना. प्रोटीन म्हणजे एक माळ. मणी वीस प्रकारचे. ही माळ पाण्यात पडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वतःची घडी स्वतःच घालते, आणि जशी घडी तसं तिचं काम. निसर्गाने ओवलेल्या माळा उलगडून बघणारे पुष्कळ होते. आईला स्वतः ओवायची होती: एकशे बारा मण्यांची, घडी पडली की चार दांड्या एकमेकींना टेकून उभ्या राहतील आणि मधल्या खोबणीत जस्ताचा एक अणू येऊन बसेल, बरोबर तिने नेमून दिलेल्या जागी. आलेखाच्या कागदावर, तारेच्या वेटोळ्यांवर आणि रात्रभर घरघरणाऱ्या एका संगणकावर तिने ती सहा वर्षांत ओवली.

पण घडी डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रोटीनचे स्फटिक उगवावे लागतात, साखरेच्या दाण्यासारखे, आणि त्यांतून क्ष-किरण सोडावे लागतात. एकोणीस वर्षांपूर्वी, मुलीने लावलेल्या ट्रेमध्ये, असे तीन स्फटिक आले. एक उचलताना तडकला. दुसऱ्याने काही दाखवलं नाही. तिसऱ्याने धूसर चित्र दिलं: चार दांड्या स्पष्ट, मधली खोबण धुक्यात. शोधनिबंध छापून आला खरा, पण तपासनिसांनी खोबणीबद्दलची सगळी वाक्यं काढायला लावली. दुसरा स्फटिक आणा, मग बोला, म्हणाले.

"घर दिसलं, चूल नाही दिसली," आई म्हणायची.

दुसरा स्फटिक आला नाही. तीच वही, तीच कृती, तीच माणसं. ट्रेमधले थेंब महिनोन् महिने निवळशंख राहायचे, नाहीतर नासलेल्या दुधासारखे फाटायचे. आईने इतर कामं केली. आणखी दोन प्रोटीनं रचली, तीसेक मुलांना पदव्या मिळवून दिल्या, मानाची शालही दोनदा पांघरली. पण वर्षातून एकदा ती त्या वहीकडे वळायचीच. नवी पोरं म्हणायची, "मॅडम, आता संगणक दहा मिनिटांत घडी सांगतो. कशाला हवाय स्फटिक?" आई म्हणायची, "सांगतो ना. ज्योतिषीही सांगतो. बघितलं कोणी?"

"ऐक," सिंकवरून आवाज आला. टॉर्च आता स्थिर झाला होता, नेमका नटावर. "एकदा नीट आठवून सांग. त्या दिवशी तू काय काय केलंस? अगदी पहिल्यापासून."

मुलीचा हात थांबला. पाइपातून एक थेंब तिच्या गळ्यावर पडला.

"वहीत आहे की सगळं."

"वहीतलं मला पाठ आहे. वहीत नसलेलं सांग. खिडकी उघडी होती? हात कशाने धुतले होतेस? कोणाशी बोलत होतीस?"

"आई, एकोणीस वर्षं झाली."

"माझी पण झाली."

सिंकखाली तिचा चेहरा आईला दिसत नव्हता. हा केवढा आधार होता.

"थेंब ठेवले, काचा उलट्या केल्या, ग्रीस दाबलं, ट्रे कोल्डरूममध्ये ठेवला. चार अंश," ती म्हणाली. "जे लिहिलंय तेच."

"बरं," आई म्हणाली.

नट बसला. गळती थांबली. आईने कौतुकाने नळ तीनदा सोडून बघितला, मग चहा टाकला, आणि साखर घालायची विसरून वर म्हणाली, "तुला हल्ली साखर कमी लागते ना?" दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिच्या हातात अजून टॉर्च होता, आणि तो चालूच होता.

"सोमवारचं बघ जमलं तर," ती म्हणाली. "जोर नाही."

जिन्याच्या वळणावर मुलीने मागे पाहिलं. दिव्याने लख्ख उजळलेल्या जिन्यात आई तिच्या पायांपुढे टॉर्च धरून उभी होती.

*

खरं काय झालं होतं, ते असं.

ती एकोणीस वर्षांची होती. सुट्टीत आईच्या लॅबमध्ये हातभार लावायला यायची. पुढे रसायनशास्त्र घ्यायचं असं जवळजवळ ठरलेलंच होतं. त्या दिवशी दुपारी तिने ट्रे लावला. चोवीस खळगे, प्रत्येकावर काचेच्या चकतीला उलटा लटकलेला एक थेंब. आईची शिस्त अशी की ट्रे लावला की वहीतले रकाने तिथल्या तिथे भरायचे, मागाहून आठवून लिहायचं नाही. तिने भरले. जागा: कोल्डरूम. तापमान: चार अंश. मग ट्रे घेऊन कोल्डरूमपाशी गेली, तर कुलूप. किल्ली लॅबच्या मदतनिसाकडे, आणि तो जेवायला गेलेला. तीन वाजता मैत्रिणींबरोबर दहा दिवसांच्या सहलीची बस होती.

तिने ट्रे डीप फ्रीझरच्या डोक्यावर ठेवला. मागच्या कडेला, खोक्यांच्या आड, जिथे मोटरीची गरम हवा वर यायची. किल्ली आली की कोणाला तरी सांगून आत ठेवायला लावू, असं मनाशी म्हणाली, आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळाली त्या आनंदात साफ विसरली.

अकराव्या दिवशी तिला दात घासताना आठवलं. धावत गेली, ट्रे तिथेच होता, कोणाच्या दृष्टीसही पडला नव्हता. कोल्डरूम उघडी होती. तिने तो आत नेऊन ठेवला, जणू जन्मापासून तिथेच होता. थेंब बघायचीही हिंमत झाली नाही. फुकट गेलं असेल तर जाऊ दे, आई पुन्हा लावेल.

दोन दिवसांनी आईने ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि किंचाळली. मिठी मारणं हा प्रकार त्या घरात नव्हता. आईने तिला मिठी मारली, तीही हातमोज्यांसकट, सगळ्या लॅबसमोर. "पोरीच्या हाताला गुण आहे!"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी कोण सांगतं? उद्या सांगू म्हटलं. उद्या आईने परगावच्या क्ष-किरण केंद्राला पत्र लिहिलं. मग निबंधात छापून आलं: चार अंश सेल्सिअस. छापलेल्या अक्षराची तिला तेव्हापासूनच भीती. मग दुसरे ट्रे लागले, काही येईना, आणि आई कारण शोधू लागली. वीस अंशांवर लावून पाहिलं, दहावर पाहिलं, पंचविसावर पाहिलं. पण अकरा दिवस मोटरीच्या गरम वाऱ्यावर, मोटर चालू-बंद होईल तसं कमी-जास्त, आणि मग एकदम थंडीत, हे कोणाच्या बापाच्या डोक्यात येणार? आईच्या खुर्चीपासून तो फ्रीझर चार पावलांवर होता. काखेत कळसा, म्हणतात तसं.

आणि मग आईने ठरवलं की पाण्यात काहीतरी बदललंय. स्फटिक आल्याच्या महिन्यातच मदतनिसाने पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी बदलली होती. न विचारता. झालं. तेव्हापासून आईने त्याला त्या यंत्राचं पाणी आपल्यासाठी वापरू दिलं नाही. तो बिचारा दुसऱ्या मजल्यावरून बाटल्या भरून आणायचा, आणि आणताना म्हणायचा, "मॅडम, हे परदेशातलं पाणी. व्हिसा काढून आणलंय." पुढे कोणीतरी आईच्या डोक्यात भरवलं की लॅबमधल्या दाढीवाल्या माणसाचा केस थेंबात पडला तरी स्फटिक येतात, त्या केसात जुनी बीजं अडकलेली असतात. स्फटिक आले तेव्हा मदतनिसाला दाढी होती. मधल्या काळात त्याच्या बायकोने ती उतरवायला लावली होती. आईने त्याला पुन्हा वाढवायला सांगितलं. त्याने वाढवली. तेव्हापासून तो दाढीकाका.

मुलीने रसायनशास्त्र घेतलं नाही. साहित्य घेतलं. आईने एकदाच विचारलं, "का ग?" ती म्हणाली, "मला वाचायला आवडतं." खोटं नव्हतं. तिने आयुष्यात खोटं एकदाच केलं होतं. बाकीची एकोणीस वर्षं ते नुसतं सांभाळलं.

*

शुक्रवारी सकाळी विभागाच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, आई खाली बसली. डबा मांडीवर घेऊन, भिंतीला टेकून. दाढीकाकाला वाटलं दम लागलाय. त्याने विचारलं, "मॅडम, पाणी आणू?" मग त्याने मुलीला फोन केला, आणि फोनवर एवढंच म्हणाला, "बाळ, तू ये."

आई गेल्यानंतरचे दिवस तिच्या ध्यानात राहिले नाहीत, फक्त पाय राहिले. ती चालत होती. आईच्या घरात स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं होती, परतीची दहा. खुर्चीत बसलं की कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटून उठायची. मावशी मुक्कामाला आली होती, तीही शेवटी वैतागली.

"अगं, बस ना एका जागी. घाण्याच्या बैलालाही मधे थांबवतात."

"बसते."

"कधी? मला भोवळ यायला लागलीये तुझ्याकडे बघून."

ती बसायची. मग सिंकखाली वाकून पाइप कोरडा आहे का बघायची. कोरडा असायचा. दिवसातून चार-पाच वेळा बघायची. एकदा मावशीने स्वतःच वाकून पाहिलं आणि म्हणाली, "छान बसवलायस."

आठवड्याने ती कामावर गेली. वाचनालयात तिचा एक नियम होता, नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा: चोरीला गेलेलं पुस्तक परत येऊ शकतं, चुकीच्या फळीवर ठेवलेलं कधीच नाही. सूची सांगते आहे, फळी सांगते नाही, आणि लोक सूचीवर विश्वास ठेवतात. त्या आठवड्यात तिनेच तीन पुस्तकं भलतीकडे ठेवली. हाताखालच्या मुलीने ती गुपचूप जागेवर नेली आणि गुपचूपच सांगितलं, "ताई, अजून चार दिवस घरी थांबा."

घरी थांबणं म्हणजे पुन्हा अकरा पावलं. तिला झोप येत होती, भूक लागत होती, रडूही येत होतं. यातलं काहीही पुरं होत नव्हतं. पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर तिला आईचा आवाज यायचा: वहीत नसलेलं सांग.

मग विभागप्रमुखांचा फोन आला. माणूस भला होता, चाचरत बोलला. मॅडमची खोली महिनाअखेर रिकामी करावी लागेल. वह्या तुम्ही न्या, आमच्याकडे जागा नाही. फ्रीझरमधलं सगळंही काढून टाकावं लागेल, नवीन प्राध्यापक येतायत.

वह्या एकसष्ट निघाल्या. ती खोलीत जमिनीवर बसून त्या खोक्यांत भरत होती, म्हणजे भरायच्या सोडून वाचत होती. आईचं अक्षर वर्षागणिक लहान होत गेलं होतं. दरवर्षीचा तो एक ट्रे, आणि दरवर्षी दीड महिन्याने एकच ओळ: काही नाही. पुन्हा काही नाही. एका वर्षी: काही नाही, पण एक थेंब जरा आशेने बघत होता.

बारा वर्षांपूर्वीच्या वहीत एक पान सापडलं. वर लिहिलं होतं, "का येत नाही?" आणि खाली आकडे घालून सतरा कारणं. पाणी. गाळणी. ग्रीस दुसऱ्या कंपनीचं. साबण. हवेतली आर्द्रता. दाढी, आणि तिच्यापुढे कंसात "हसू नये". प्रत्येक कारण तपासून खोडलेलं, शेजारी तारीख आणि कसं तपासलं त्याची टीप.

नववं कारण होतं: नोंद चुकली असेल?

तेही खोडलं होतं. शेजारी तारीख नव्हती. तपासल्याची टीपही नव्हती. फक्त लिहिलं होतं: शक्य नाही. नोंद तिची आहे.

ती उठली. खोलीत चालायला जागा नव्हती, सगळीकडे खोकी होती. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. ज्या बाईने कोणाच्याही शब्दावर कधी भरवसा ठेवला नाही, नातलगाच्या नाही, मित्राच्या नाही, यंत्राच्या तर नाहीच, तिने सतरापैकी एकच गोष्ट न तपासता सोडली होती.

दारात शेंडेफळ उभी होती. पंचविशीची, सडपातळ, डोळे सुजलेले.

"ताई," ती म्हणाली, "त्या दोन नळ्या अजून आहेत. बर्फात. प्रोटीन जास्तीत जास्त आठवडा टिकेल, पुढे फाटेल. पुन्हा बनवायला आता परवानगी नाही, सामान नाही. एकच ट्रे होईल त्यातून."

"हं."

"सोमवारी लावणार होतो आम्ही. मग ते राहिलं. मॅडम म्हणायच्या, तुमच्या..." ती थांबली. "मला माहितीये हे वेड्यासारखं आहे. पण तुम्ही लावाल का? एवढा एकच. मी वहीप्रमाणे सगळं तयार ठेवलंय."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नाही म्हणायला काही सुचलं नाही.

*

लॅब लहान झाली होती, किंवा ती मोठी झाली होती. फ्रीझर तिथेच होता, तोच, गुरगुरत. त्याच्या डोक्यावर खोकी होती. माणसं बदलतात, फ्रीझरवर खोकी ठेवायची खोड बदलत नाही. दाढीकाका स्टुलावर बसून चकत्या पुसत होता. दाढी पांढरी झाली होती.

"ये बाळ," तो म्हणाला. "पाणी मी आणलंय. दुसऱ्या मजल्यावरचं. उगाच तुझ्या आईचा आत्मा ओरडायला नको."

"काका, अजून?"

"मग? त्यांनी कुठे रद्द केलं? हुकूम म्हणजे हुकूम." तो हसला, मग चकती उजेडात धरून बराच वेळ पुसत राहिला. "तसं मला मनातून कधी कधी वाटायचं हं, की माझंच चुकलं असेल. गाळणी बदलायच्या आधी विचारायला हवं होतं. एकोणीस वर्षं बाई त्या एका दाण्यासाठी झुरली. आणि दाणा माझ्या पाण्याने अडला."

तिने हातमोजे चढवले. पिपेट हातात घेतली आणि तिलाच नवल वाटलं, हात विसरला नव्हता. थेंब चकतीवर, शेजारून दुसऱ्या द्रावाचा तेवढाच थेंब, चकती झटकन उलटी, खळग्यावर, कडेने अलगद दाब. एक. दोन. सातव्या खळग्यापर्यंत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी ती एका जागी बसली आहे. शेंडेफळ श्वास रोखून बघत होती. दाढीकाका एकेक चकती पुढे सरकवत होता, परिचारिकेने शल्यविशारदाला सुरी द्यावी तशी.

चोविसावा खळगा झाला. दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या.

शेंडेफळाने वही पुढे केली. नवी वही होती, पण रकाने आईचेच. तारीख. प्रोटीन. द्राव. शेंडेफळ बोलत होती आणि लिहीत होती, शिकवल्याप्रमाणे, तिथल्या तिथे. "जागा, कोल्डरूम. तापमान, चार अंश. लावणार..." तिने मुलीकडे बघितलं आणि पहिल्यांदा जरा हसली. "तुमचंच नाव घालते."

मग तिने दोन्ही हातांनी ट्रे उचलला. भरलेल्या बशीसारखा, न हिंदकळता. दाढीकाका किल्ली घेऊन पुढे झाला. त्याने कुलूप काढलं. कोल्डरूमचं जाड दार उघडलं आणि थंड हवेचा झोत मुलीच्या घोट्यांपर्यंत आला.

आत गेला की संपलं. दीड महिन्याने कोणीतरी वहीत लिहील, काही नाही, आणि मग ही वहीही खोक्यात जाईल. कोणाला कधी कळणार नाही. आईचा हातगुणावरचा विश्वासही शाबूत राहील. एवढ्या स्वच्छपणे तिने तो विचार आधी कधी केला नव्हता.

"थांब," ती म्हणाली.

शेंडेफळ उंबऱ्यावर थांबली. "काय झालं? काही राहिलं का?"

"तो आत नेऊ नकोस."

"पण ताई, वहीत..."

"वहीत चूक आहे."

तिचे पाय निघायला बघत होते, दाराकडे, जिन्याकडे, कुठेही. तिने टेबलाची कड धरून ठेवली. दाढीकाकाचा हात किल्लीवरच होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि दाढीमुळे त्याच्या चेहऱ्यावरचं काहीच कळत नव्हतं.

"पहिला ट्रे कोल्डरूममध्ये नव्हता," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "तिथे होता. फ्रीझरवर, मागे, मोटरीच्या गरम हवेत. अकरा दिवस. किल्ली नव्हती, मला बस गाठायची होती, मी तिथे ठेवला आणि विसरले. मग चोरून आत नेला. वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, ते खोडलं नाही. आईला सांगितलं नाही. ती जायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला समोर विचारलं, नीट आठवून सांग म्हणाली, आणि मी म्हटलं, जे लिहिलंय तेच." तिने श्वास घेतला. "हातगुण वगैरे काही नव्हता, काका. आणि पाणी चांगलं होतं. तुमचं पाणी पहिल्या दिवसापासून चांगलं होतं."